ओरखडा कुणाचा?

मोटारीवरचा ओरखडा जन्मतःच अनाथ असतो. चाकणच्या कारखान्यातून निघालेली कोरी मोटार घाट उतरून मुंबई बंदरात येते, आणि दारावर दिसते एक रेघ! ट्रेलरवाला म्हणतो, "मी सोडली तेव्हा आरशासारखी होती, साहेब." गोदीवाला म्हणतो, "आली तशी चढवली." जहाजवाला वाद घालत नाही; बिल ऑफ लेडिंगवर शेरा मारून मोकळा होतो.

तो शेरा मग येतो आमच्या टेबलावर. एल. सी.च्या व्यवहारात बँकेला बिल स्वच्छ लागतं. मालाच्या दोषाचा एक शब्द दिसला, की आम्ही पैसे अडवतो. मोटार आम्ही बघतसुद्धा नाही. (बँकेत माल बघत नाहीत, कागद बघतात. बी. कॉम.ला तीन वर्षं दुसरं काय शिकवतात?)

अमेरिकेतल्या मोटार कंपन्यांनी आणि वाहतूकदारांनी यावर एकत्र बसून ओरखड्याला चक्क ५ आकडी नंबर दिला. पहिले २ जागेचे, पुढचे २ जखमेच्या जातीचे, शेवटचा तिच्या मापाचा. गाडी हातातून हातात जाताना तपासायची, नंबर लिहायचा, सह्या ठोकायच्या. पैसे कोण भरणार ते नंतर. आधी ओरखडा आहे, एवढ्यावर तरी एकमत! आमच्या सहकारी पतपेढीत अजून तेवढंही होत नाही.

शिवाय जहाजात गाड्या लावतात वीतवीत अंतरावर. म्हणून गाडी चालवणाऱ्याने घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, अंगठी काही उघडं ठेवायचं नाही. लग्नाचीसुद्धा. अंगठी कुठे गेली, याचं घरी काय उत्तर द्यायचं, त्याला मात्र अजून नंबर नाही.