डावा समास

बाबा त्या सकाळी पेपर वाचता वाचता म्हणाले, "आज छपाई गंडलीय." मी "हं" म्हणालो. हातात फोन होता, एकामागून एक रील सरकत होती. थोड्या वेळाने ते आणखी काहीतरी म्हणाले. त्यालाही मी "हं" म्हणालो.

मग आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि ओरडली. बाबांच्या डाव्या हातातला कप कलंडला होता. चहा मनगटावरून लेंग्यावर सांडला होता आणि बाबांना त्याचा पत्ताच नव्हता. तोंडाची डावी बाजू किंचित ओघळलेली होती.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "यांना शेवटचं व्यवस्थित कधी पाहिलंत?" हा प्रश्न उगाच विचारत नाहीत. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि तो वेळ रुग्ण शेवटचा धड दिसला तिथपासून मोजतात. मी बाबांच्या समोर, दोन फुटांवर, जवळजवळ अर्धा तास बसलो होतो. मला उत्तर देता आलं नाही. शेवटी आईनेच सांगितलं, "साडेसातला चहा दिला तेव्हा नीट बोलत होते." तीच वेळ कागदावर लिहिली गेली. इंजेक्शन वेळेत मिळालं. पण त्या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतोय.

बाबा मुद्रितशोधक होते. खिळे जुळवण्याच्या काळात छापखान्यात लागले आणि कॉम्प्युटर आल्यावरही तिथेच राहिले. लहानपणी मला शेजारी बसवून सांगायचे, "अर्थ वाचू नकोस, अक्षर वाच. अर्थाच्या मागे लागलास की चूक निसटते." हे खरंच आहे. सरावलेला वाचक प्रत्येक अक्षर पाहत नाही, बरंचसं मेंदू अंदाजाने भरून घेतो. मुद्रितशोधकाला ती सवय मोडावी लागते. घरात टीव्ही चालू असला, मिक्सर फिरत असला, तरी बाबा प्रुफावर मान घालून बसायचे.

चौथ्या दिवशी ते जेवायला बसले. भाजी संपली, आमटी संपली, भात अर्धाच. मधोमध रेघ मारल्यासारखा. मग म्हणाले, "चटणी नाही केलीस? मीठही नाही वाढलंस." चटणी, कोशिंबीर, लिंबू, मीठ, सगळं ताटाच्या डाव्या बाजूला जसंच्या तसं होतं. आईने काही न बोलता ताट फिरवलं. बाबांना चटणी दिसली. "आत्ता वाढलीस होय," म्हणाले.

पेपरचंही तेच. 'अविश्वास ठराव' हे त्यांनी 'विश्वास ठराव' असं वाचलं, 'महाराष्ट्रात'चं 'राष्ट्रात' केलं आणि "हल्ली कुणी प्रूफं तपासत नाही" म्हणून चिडले. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, तर बारा ते सहा आकडे उजवीकडे नीट आले आणि डावी बाजू कोरी राहिली. बाबांच्या मते घड्याळ पूर्ण होतं.

डोळे शाबूत होते. बिघाड होता उजव्या कानाच्या वर, थोडा मागे, मेंदूच्या ज्या भागाला पार्श्विक खंड म्हणतात तिथे. डॉक्टरांनी 'नेग्लेक्ट' हा शब्द वापरला. म्हणजे दुर्लक्ष. पण हे मुद्दाम केलेलं दुर्लक्ष नव्हे. लक्ष नेणारी यंत्रणाच त्या बाजूला पोहोचत नाही.

मग मी रात्र रात्र वाचत बसलो. मेंदूत लक्ष ठरवणाऱ्या ढोबळमानाने दोन व्यवस्था आहेत, अशी मांडणी कॉर्बेटा आणि शुलमन या दोघांनी 2002 मध्ये केली. एक आपण ठरवू तिथे लक्ष नेते आणि धरून ठेवते. बाबांच्या प्रुफावर बसणारी ती. दुसरी वॉचमनसारखी. काही अचानक हललं, वाजलं, चमकलं की पहिलीला हातातलं काम सोडायला लावते. झाडीत सळसळ झाली की आपल्या पूर्वजांना तिनेच वाचवलं असणार. माझ्या खिशात फोन थरथरला की धावते तीही हीच. पहिलीचा कारभार मेंदूच्या दोन्ही बाजूंना असतो, या दुसरीचा मात्र मोठ्या प्रमाणात उजव्या मेंदूवर टेकलेला असतो. डावा मेंदू मुख्यतः उजवी बाजू सांभाळतो आणि उजवा दोन्हीकडे नजर ठेवतो, असं मानतात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा बरंचसं सावरून घेतो. उजव्याला झाली तर डावी बाजू पोरकी होते.

इटलीतल्या बिसियाक आणि लुझाती यांनी 1978 मध्ये अशाच रुग्णांना मिलानमधला कॅथेड्रलचा चौक नुसता आठवायला सांगितला होता. कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात असं समजा, काय काय दिसतं? त्यांनी फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवरून उलट बघा. आधी गाळलेल्या इमारती आता उजवीकडे आल्या आणि नावांसकट आठवल्या.

हे वाचून मला राहवलं नाही. मी बाबांना म्हणालो, "तुम्ही छापखान्याच्या दारात उभे आहात. काय काय आहे?"

"खिळ्यांच्या केसेस. ट्रेडल. कागदाचे गठ्ठे. मालकांची खुर्ची."

"आणखी?"

"एवढंच."

"आता मागच्या खिडकीपाशी जा. दाराकडे तोंड करा."

बाबा जरा थांबले. "दाराशेजारी नळ. गणपतीचा फोटो." मग एकदम, "आणि माझं टेबल."

उभी हयात ज्या टेबलावर काढली, ते दारातून पाहताना डावीकडे होतं म्हणून नव्हतंच. पुसलं गेलं नव्हतं, तिथवर लक्ष जात नव्हतं. मी आत जाऊन तोंड धुऊन आलो.

उपचार ऐकून हसू येईल. ओळीच्या डाव्या टोकाला ठळक लाल रेघ मारायची. वाचताना ती रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, मगच ओळ सुरू करायची. बाबांच्याच लाल पेनाने मी रोज पेपरला डावा समास आखू लागलो. पहिले काही दिवस त्यांना दर ओळीला आठवण करावी लागे. "रेघ, बाबा." मान हळूहळू वळायची. ती वळण्यामागे किती कष्ट असतात हे मला तेव्हा दिसलं. जे आपल्याला आपोआप होतं असं वाटतं, ते त्यांना हाताने ढकलावं लागत होतं.

माझ्याकडे मात्र सबब नाही. 1999 मध्ये सायमन्स आणि शाब्री यांनी लोकांना एक व्हिडिओ दाखवून चेंडूचे पास मोजायला लावले. मधून गोरिलाचा पोशाख घातलेलं माणूस चालत गेलं, छाती बडवून गेलं आणि जवळपास निम्म्या लोकांना ते दिसलंच नाही. ही माणसं धडधाकट होती. लक्ष एकीकडे बांधलं की डोळ्यांसमोरचंही निसटतं. हे कळल्यावर मला थोडं बरं वाटलं, आणि लगेच वाटलं की बरं वाटायला नको होतं. ते लोक सांगितलेलं काम करत होते. मी काय मोजत होतो?

आता पाच महिने झाले. बाबा काठी घेऊन चालतात. ताट फिरवावं लागत नाही, पण थकले की चटणी अजून हरवते. हा लेख छापून मी त्यांना तपासायला दिला. अकरा चुका काढल्या, सगळ्या ओळींच्या उजव्या अर्ध्यात. डावीकडच्या दोन मला दिसत होत्या.

"रेघ, बाबा," मी म्हणालो.

त्यांनी मान वळवली, रेघ सापडेपर्यंत. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. पानाला वीस मिनिटं लागली. मी समोर बसून बघत होतो. आत फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा माझी मान दाराकडे वळली.