लखनौ: बिनदगडाच्या गावात

दगड पाहायला लखनौला चाललेय म्हटल्यावर घरात हशा पिकला. लखनौहून चिकनचा कुर्ता आणावा, कबाब खावेत, फार तर इमामबाड्याच्या भुलभुलैयात शिरावं. दगडांसाठी कुणी गोमतीकाठच्या गाळात जातं का? हसणाऱ्यांचं बरोबरच होतं. या शहराखाली शेकडो मीटर नुसता गाळ आहे. माती, वाळू, चिकणमाती आणि त्यात अधूनमधून चुन्याचे खडे. त्यांना तिकडे कंकर म्हणतात.

आमचा दगड गोळा करणाऱ्यांचा एक कंपू आहे. नाव नाही, वर्गणी नाही. सवड मिळाली की वाघोलीच्या किंवा नाशिककडच्या खाणींवर जायचं, मालकाची परवानगी घ्यायची, फोडलेल्या ढिगातून पोकळ्यांचे दगड शोधायचे. आमच्यातले भूगोलाचे निवृत्त सर वर्षानुवर्षं एकच सांगत आले होते: आपल्या काळ्या दगडात काय दडलंय ते नीट बघायचं तर लखनौला जा, बिरबल साहनींच्या पुरावनस्पती संस्थेत. शेवटी सरांनाच बरोबर घेतलं आणि कल्याणला पुष्पक एक्सप्रेस पकडली.

दगडाचा नाद असलेल्या माणसाने ही गाडी दिवसा खिडकीशी बसून करावी. कसारा घाटात लाव्हाचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक दिसतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हापुन्हा बाहेर आला आणि पसरला. त्यातला वायू अडकून राहिला तिथे पोकळ्या झाल्या. पुढे त्यांत क्षारयुक्त पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक धरले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात काचेआड दिसतो तो अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, सगळा या पोकळ्यांतला माल. जळगावकडचा हिरवट अपोफिलाइट आणि वाघोलीचा निळाशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांकडे पोचलाय. वाघोलीच्या खाणीशेजारी राहणाऱ्या किती जणांनी तो हातात घेऊन पाहिला असेल, हा प्रश्न सर हटकून विचारतात.

भुसावळ, खंडवा मागे पडलं तरी काळा दगड सोबत होताच. नर्मदा ओलांडून गाडी बुदनी-बरखेड्याच्या घाटात शिरली, तेव्हा दिवस मावळायला आला होता. इथे दगडाचा रंग पालटतो. विंध्याचा गुलाबी-तांबूस वालुकाश्म दिसू लागतो. याच मार्गावरून 1957 मध्ये पुरातत्त्वज्ञ विष्णु श्रीधर वाकणकर भोपाळकडे जात होते. डब्यातून दिसलेल्या खडकांचे आकार त्यांना ओळखीचे वाटले, म्हणून ते मुद्दाम परत आले आणि भीमबेटकाची गुहाचित्रं जगासमोर आली. झाशीच्या आसपासचा अडीचशे कोटी वर्षांचा ग्रॅनाइट मात्र आम्ही झोपेत पार केला. सकाळी कानपूरच्या पुढे डोळे उघडले तर दोन्ही बाजूंना सपाट शेतं. रुळांखालची खडी सोडली तर खडा दृष्टीस पडेना.

लखनौत दगडाचं काम विटेनेच भागवलं गेलं. बडा इमामबाडा 1784 च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौलाने बांधायला घेतला, लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून. त्याच्या मधल्या दालनाची लांबी सुमारे 50 मीटर, रुंदी 16 मीटर, आणि वरच्या छताला तुळई म्हणून नाही. लखौरी नावाच्या पातळ विटा आणि चुना एवढ्यावर ते उभं आहे. हा चुना मुख्यतः कंकर भाजून केलेला. आपल्याकडे किल्ला बांधायचा तर डोंगरच फोडायचा. तिथे नदीकाठच्या मातीतून खडे वेचून भट्टी लावायची. सर बराच वेळ भिंतीच्या उघड्या पडलेल्या विटांकडे बघत उभे होते.

मुक्काम हजरतगंजात होता. या बाजाराला नाव मिळालं ते 1842 च्या सुमाराला, नवाब अमजद अली शाह यांच्यावरून. लोक त्यांना ‘हजरत’ म्हणत. त्यांची कबर इथल्याच सिब्तैनाबाद इमामबाड्यात आहे. संध्याकाळी सारं शहर इथे फिरायला उतरतं आणि त्या फिरण्याला ‘गंजिंग’ असं झकास नाव आहे. एकसारख्या पाट्या, रुंद पदपथ, टोपलीतली चाट खाणारी कुटुंबं. आम्हीही चाट खाल्ली. पण आमची पावलं अडली ती अंगठ्यांचे खडे मांडून बसलेल्या एका वयस्क विक्रेत्यापाशी.

लखनौत शिया मुसलमानांची वस्ती मोठी, त्यामुळे अंगठीत अकीक घालायची रीत इथे घरोघरची. मखमलीवर अकीक, फिरोजा आणि पाण्यासारखा स्वच्छ ‘दुर्र-ए-नजफ’ मांडलेला. सरांनी एक तांबूस अकीक उचलला.

“ये कहाँ का है?”

“यमन का भी है हुजूर, और खंभात का भी। आप जो हाथ में लिए हैं, वो खंभात का है।”

सरांचा चेहरा उजळला. खंभातच्या कारागिरांना अकीक पुरवतात ते भरूचजवळच्या रतनपूरच्या खाणींतले खडे. ते मूळचे आपल्याच दख्खनच्या लाव्हातले. पोकळ्यांत गारेचे थर बसले, पुढे खडक झिजला आणि खडे नदीच्या गाळात वाहून आले. कारागीर ते मडक्यात घालून शेणाच्या आचेवर तापवतात. मग त्यातलं लोह लाल रंग धरतं. दुर्र-ए-नजफ म्हणजे तर स्वच्छ गार, आपल्या नांगराला लागते तिचंच उजळ भावंड. म्हाताऱ्याने सरांचं सगळं व्याख्यान शांतपणे ऐकून घेतलं आणि भाव काही कमी केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजरतगंजहून मेट्रो घेतली. स्टेशन जमिनीखाली आहे. गाडी सुटली की थोड्याच वेळात वर येते, के. डी. सिंग बाबू स्टेडियम मागे टाकते आणि गोमती ओलांडून विश्वविद्यालय स्टेशनात थांबते. तिथून चालत 53, युनिव्हर्सिटी रोड, म्हणजे साहनींची संस्था.

बिरबल साहनी हे 1921 पासून लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. 1936 मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. त्यांच्यात अस्सल संग्राहक दडलेला होता. रोहतकजवळच्या खोकराकोटच्या टेकाडावर त्यांना मातीचे तुकडे सापडले. ते प्राचीन नाणी ओतण्याचे साचे निघाले, आणि मग या वनस्पतिशास्त्रज्ञाने नाणी पाडण्याच्या जुन्या तंत्रावर ग्रंथच लिहिला. 1946 मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह पॅलिओबोटॅनिकल सोसायटी स्थापन केली. बिरबल आणि सावित्री साहनी यांनी आपली मालमत्ता, ग्रंथसंग्रह आणि जीवाश्म त्यासाठी देऊन टाकले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये या सोसायटीतून संस्था उभी राहिली. याच 1946 मध्ये पुण्यात शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी सुरू केली. तेही वनस्पतिशास्त्रज्ञच.

संस्थेची कोनशिला मुद्दाम पाहण्यासारखी आहे. साहनींनी ती स्वतः घडवून घेतली आणि तिच्यात देशोदेशींचे, वेगवेगळ्या काळांतले जीवाश्म बसवले. 3 एप्रिल 1949 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते ती बसली. दोघांचाही जन्मदिवस 14 नोव्हेंबर, दोघेही केंब्रिजचे. समारंभानंतर आठवडाही उलटला नाही तोच, 9 एप्रिलच्या मध्यरात्री, साहनी हृदयविकाराने गेले. त्यांची समाधी आवारातच आहे. पुढची वीस वर्षं सावित्रीबाईंनी संस्था सांभाळली. इमारत पुरी झाली आणि 2 जानेवारी 1953 रोजी नेहरूंनीच तिचं उद्घाटन केलं. पूर्वी फक्त पुरावनस्पतींची असलेली ही संस्था आता पुराविज्ञानाच्या अधिक शाखांचं काम करते.

आम्ही गेलो होतो आपल्या मुलखाचं बघायला. दोन लाव्हाप्रवाहांच्या मध्ये बराच काळ जाई. तेवढ्यात तळी साचत, झाडं वाढत, गाळ बसे. मग पुन्हा लाव्हा येई. त्या तळ्यांतली लाकडं, फळं, बिया गारेत मुरून दगड झाल्या. छिंदवाड्याजवळचं मोहगाव कलां आणि वर्ध्याकडचं नवरगाव ही त्यासाठी प्रसिद्ध ठिकाणं.

एका तरुण संशोधिकेने आम्हाला पाम वृक्षाच्या खोडाचा कापून घासलेला तुकडा दाखवला. तपकिरी पार्श्वभूमीवर गडद ठिपके, कडेला दाटीवाटीने, मध्याकडे विरळ. प्रत्येक ठिपका म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचा एक जुडगा. भिंगाखाली धरला तेव्हा ठिपक्याच्या आतली भोकंसुद्धा दिसली. असा दगड अभ्यासायची रीत तिने समजावली. हिरकणीच्या करवतीने तो कापायचा, गुळगुळीत घासायचा आणि वरचा पातळ थर हायड्रोफ्लुओरिक आम्लाने झिजवायचा. गार विरघळते, वनस्पतीच्या पेशींच्या भित्तिका उभ्या राहतात. त्यावर सेल्युलोजचं पापुद्र्यासारखं आवरण चढवून सोलून काढायचं की पेशींचा ठसा सोबत येतो. एकाच दगडातून असे एकामागून एक पापुद्रे काढत फळाच्या आत उतरता येतं.

मोहगावच्या एका फळाला साहनींनी 1934 मध्ये एनिग्मोकार्पॉन नाव दिलं. 1944 मध्ये नागपूरचे व्ही. बी. शुक्ल यांनी तिथल्याच एका फुलाला साहनींच्या मानार्थ साहनिअँथस म्हटलं. फूल आणि फळ एकाच झाडाचं, हे अशा अभ्यासातूनच ठरलं. या कामात नागपूरच्या श्यामला चितळे यांचा मोठा वाटा आहे. पुढे त्या अमेरिकेत गेल्या आणि क्लीव्हलँडच्या संग्रहालयात पुरावनस्पती विभाग त्यांनी उभा केला.

नागपूरचं हे वेड आणखी जुनं. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी 1850 च्या दशकात टाकळीच्या माळावरून जीवाश्म वेचले, रॉबर्ट हंटर यांच्यासोबत 1855 मध्ये त्यावर लेख छापला आणि नमुने लंडनला धाडले. 1863 च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना बोरीजवळच्या पुरात ते वाहून गेले. टाकळीचा तो माळ आज नागपूर शहरात बुडालाय. नमुने उरले ते नोंदींसकट जपले गेले म्हणून.

लखनौत नमुना दाखवताना आधी त्याची नोंद वाचली जाते: गाव, थर, कुणी आणला, कधी. ज्या तुकड्यावरून एखाद्या जातीला नाव मिळतं, तो तुकडा वेगळा राखतात, कारण पुढे वाद झाला तर निवाडा त्याच्यावरच होतो. आमच्या कंपूच्या घरातल्या खोक्यांत देखणे स्फटिक भरपूर आहेत, पण निम्म्यांवर खाणीचं नाव नाही. विक्रेत्यांकडून घेतलेल्यांवर तर ‘जळगाव’ किंवा ‘पुणे’ एवढंच. विज्ञानाच्या दृष्टीने त्यांची किंमत शोभेपुरती. खाण बंद झाली, वर वसाहत उभी राहिली की ते ठिकाण पुन्हा सापडणार नाही. आणि पुण्या-नाशिकभोवती हेच चाललंय.

लखनौला गेलात तर एक सकाळ या संस्थेसाठी ठेवा. कामकाजाच्या दिवशी जा, आधी कळवून परवानगी घ्या, शाळकरी मुलं असतील तर त्यांना न्याच. आणि यापुढे दगड उचललात तर तिथल्या तिथे चिठ्ठी लिहून त्याला बांधा: गाव, तालुका, खाण किंवा ओढा, किती खोलीवर मिळाला आणि तारीख.