गुप्ततेचा कागद

बँकेत चिकटलो तेव्हा गुप्तता पाळण्याच्या कागदावर सही केली. त्यामुळे पेठेतल्या कोणाची पुंजी किती, हे सारं माझ्या पोटात. पोट सुटलं ते त्यानेच!

पण माझंही एक गुपित होतं. धाकट्या भावासाठी घरात न सांगता कर्ज काढलेलं. आमचा कॅशियर क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला जाणारा. तो म्हणाला, "आम्ही फादरजवळ बोलतो. मान कापली तरी ते सांगायचे नाहीत. चर्चचा कायदाच तसा आहे."

"आणि कोर्टाने विचारलं तर?" मी बी.कॉम.चा मर्कंटाइल लॉ परजला.

घरी येऊन पुस्तक उघडलं. १८७२ च्या पुरावा कायद्यात वकिलाला संरक्षण, नवरा-बायकोला संरक्षण. फादरचं, भटजींचं नावच नाही. १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तेच. म्हणजे कायद्याच्या लेखी बायको फादरहून भरवशाची! (आपसातला खटला सोडून.)

तेव्हा धीर करून सौ.ला सांगितलं. भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तीन वर्षं झाली की! दरमहा पगारात किती तूट येते, ते मला मोजता येत नाही होय?"

तिने कुणाजवळ चकार शब्द काढला नव्हता. आणि कुठल्या कागदावर सहीही केली नव्हती.