बॉक्स पालथा घालताना

कॅमेऱ्याचा नवा बॉक्स कुणी टेबलावर ठेवला की मी आधी तो पालथा घालतो. कॅमेरा नंतर बघतो. सांगलीत सव्वीस वर्षं कॅमेरे दुरुस्त करतोय, लग्नसराईत स्वतः फोटोंच्या ऑर्डरीही करतो. हल्ली दुरुस्तीपेक्षा ‘ऑनलाइन घेतलाय, जरा बघता का’ म्हणणारेच जास्त येतात.

परवा कवठेमहांकाळकडचा एक मुलगा आला. दोन हंगाम द्राक्षबागेत राबून साठवलेल्या पैशांतून त्याने पहिला कॅमेरा घेतला होता. ‘‘काका, दुकानापेक्षा आठ हजारांनी स्वस्त पडला.’’ मी बॉक्स पालथा घातला. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीचा नंबर एवढं छापलेलं लेबल लागतंच. २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांतच ते आहे. याच्या बॉक्सवर ती जागा कोरी होती.

कॅमेरा नकली नव्हता, आणि लोकांना समजावायला हेच सगळ्यात अवघड जातं. कंपनी तीच, कारखानाही तोच, फक्त माल दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी निघालेला आणि आडवाटेने इथे आलेला. बऱ्याच कंपन्यांची कॅमेऱ्याची वॉरंटी त्या-त्या देशापुरती असते. उद्या शटर अडकलं तर इथलं सर्व्हिस सेंटर तो वॉरंटीत घेणार नाही. त्याच्या मोबाइलवर जाहिरात उघडली. वर ठळक अक्षरांत ‘१ वर्ष वॉरंटी’, आणि बरंच खाली गेल्यावर ‘सेलर वॉरंटी’. म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. तो कुठे बसतो, हे बिलावरूनही कळेना.

मग लेन्स हातात घेतली. जाहिरातीतल्या फोटोत लेन्सवर ‘व्हीआर’ ही अक्षरं होती, हातातल्या लेन्सवर नव्हती. मजकुरात नुसतं ‘१८-५५ किट लेन्स’. निकॉनच्या लेन्सवर ‘व्हीआर’ किंवा कॅननच्या लेन्सवर ‘आयएस’ असेल तर हाताची थरथर लेन्स सावरून घेते. मांडवात दिवे मंद असतात, शटर एक-पंधरांश सेकंदावर येतं, तेव्हा त्या दोन अक्षरांवर नवरीचे डोळे नीट येणार की नाही हे ठरतं. जाहिरात काय सांगते ते सगळेच वाचतात. मी ती कुठे गप्प बसलीय ते शोधतो. सेन्सरचं माप नसेल आणि ‘४८ मेगापिक्सेल, ४के’ एवढंच ओरडून सांगितलं असेल, तर तो कॅमेरा मी हातातही घेत नाही. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. खिशातल्या साध्या कॅमेऱ्यांतला जेमतेम ६ बाय साडेचार. अशा स्वस्त कॅमेऱ्यांत पुष्कळदा मूळ चित्रच लहान असतं, आकडा आतलं सॉफ्टवेअर फुगवून देतं.

मीसुद्धा फसलोय. एका वैशाखात निम्म्या किमतीत मिळतंय म्हणून १२८ जीबीचं मेमरी कार्ड ऑनलाइन मागवलं. पाकीट, छपाई, सगळं हुबेहूब. हळद झाली, लग्न लागलं, घरी येऊन कार्ड संगणकाला लावलं. फाइलींची नावं ओळीने दिसत होती. हळदीचे फोटो उघडले. अक्षता पडल्या तिथून पुढे एकही उघडेना. असल्या कार्डात चिप लहानच असते, फक्त ‘मी मोठी आहे’ असं कॅमेऱ्याला सांगायला तिला शिकवलेलं असतं. जागा संपली तरी कॅमेरा टिपत राहतो, आत काहीच उरत नाही. दुसऱ्या दिवशी मुलीच्या वडिलांसमोर जाऊन बसलो. पैसे परत देऊ केले, ते त्यांनी हातातही घेतले नाहीत. ‘‘पाठवणीचा एक तरी असेल बघा,’’ एवढंच ते दोनदा म्हणाले. तेव्हापासून नवं कार्ड आलं की ते संगणकावर काठोकाठ भरायचं आणि सगळं परत उघडून बघायचं. अर्धा दिवस जातो. जाऊ दे.

मुलाला मी हे सांगितलं. परत करायची मुदत सात दिवसांची होती, पाचवा दिवस चालू होता. बॉक्सच्या सहा बाजूंचे, लेन्सवरच्या अक्षरांचे आणि सिरियल नंबरचे फोटो आम्ही काढले, जाहिरातीचे स्क्रीनशॉट घेतले आणि तक्रार नोंदवली. नाहीच ऐकलं तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्याला बिलाच्या पाठीवर लिहून दिला.

तो उठेना. गुरुवारी मामेबहिणीचं लग्न होतं आणि फोटो तोच काढणार असं घरात ठरलं होतं. कपाटातून माझी जुनी बॉडी काढली, ‘व्हीआर’वाली लेन्स चढवली आणि भरून तपासलेली दोन कार्डं त्याच्या हातावर ठेवली.