माताजी मीच!

दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी फोन थांबत नाही. ‘उत्तम क्षमा’ इकडून येते, तिकडे पाठवली जाते. जिची खरी क्षमा मागायची, तिला मात्र आपण फोन करत नाही. यावरच मी काही वर्षांपूर्वी समाजाच्या एका स्मरणिकेत लिहिलं होतं. इथे आदिलाबादेत ती चार घरांत आली असेल.

यंदा किनवटच्या मोठ्या जाऊबाईंनी मला एक लांबलचक मजकूर पाठवला. “वाच गं, जणू आपल्या दोघींसाठीच लिहिलंय.” दोन ओळी वाचल्या आणि चहा तसाच राहिला. माझाच लेख! नाव गायब. खाली लिहिलेलं, ‘एका माताजींचे चिंतन’. चातुर्मासातही जिचा बटाटा सुटत नाही, ती मी माताजी!

चौकशी केली. जाऊबाईंना पुसदच्या भाचीकडून, भाचीला कारंज्याच्या मैत्रिणीकडून, आणि त्या मैत्रिणीच्या सासूने तो वहीत हाताने उतरवून ठेवलेला. कुणी अनोळखी बाईने शाईने माझी वाक्यं लिहून घेतली, या विचाराने राग अर्धा उतरला.

अर्धाच. नावाला किंमत असतेच. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ साली निघालं. जोतीरावांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापलं. पुस्तकावर नाव होतं, म्हणून तर श्रेय ताराबाईंपर्यंत पोचलं.

पण मला खरं टोचलं ते वेगळंच. या प्रवासात एक परिच्छेद गळला होता. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात मी एकीला “तुम्हाला काय, पाहुण्यासारखं येऊन जायचं” असं म्हटलं होतं, ते त्यात होतं. कोण ते लिहिलं नव्हतं. राहिला होता नुसता उपदेश, आणि तो जाऊबाई मलाच पाठवत होत्या.

‘लेख माझा आहे’ असं टाइप केलं, पुसलं. मग कपाटातून स्मरणिका काढली, त्या पानाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. कणीक मळायला घेतली तरी लक्ष फोनकडेच.

अर्ध्या तासाने फोन आला.

“ते पाहुण्यासारखं... मी विसरले नव्हते गं.”

“मीही नाही, जाऊबाई.”

“थांब, कुकरची तिसरी शिट्टी होऊ दे. मग निवांत बोलू.”