सावित्रीचा पैलतीर



पैलतीर हा आम्हा कीर्तनकारांचा लाडका शब्द. नाम ही नौका, संत हे नावाडी, आणि श्रोता बसल्या जागी पार! पण महाडजवळ माणसांना खरोखरच पैलतीरी नेणारा एक दगडी पूल होता. त्याचे नाव कधी कुणाच्या निरूपणात आले नाही.

सावित्रीचा उगम महाबळेश्वरी. कृष्णा-कोयनेची ही बहीण. त्या पूर्वेला वळल्या, हिने पश्चिमेला कड्याखाली उडी घेतली. सह्याद्रीचा सारा पाऊस पोटात घेऊन ही महाडास येते आणि बाणकोटच्या खाडीत समुद्राला मिळते. मुंबई-गोवा महामार्गावरचा तिचा कमानींचा पूल १९२८ सालचा, इंग्रजी अमदानीतला. पुढे शेजारी नवा पूल झाला, तरी मुंबईची वाहने जुन्यावरूनच जात. गणपती करून परतणारे चाकरमानी त्यावरून गेले, वीणा मांडीवर धरून एस.टी.त बसलेले आमच्यासारखेही गेले. नदी दिसली की आपण हात जोडतो, एखादे नाणे टाकतो. पुलाच्या दगडाची विचारपूस कोण करतो?

२ ऑगस्ट २०१६. दिव्याची अवस. घरोघरी दिवे पुजले गेले आणि त्याच रात्री पुरात पूल गेला. पावसाळ्यापूर्वी पाहणी होऊन तो वाहतुकीस योग्य ठरला होता! मुंबईकडे निघालेल्या दोन एस.टी. गाड्या आणि एक जीपगाडी काळोखात सरळ प्रवाहात गेली. ४०च्या आसपास माणसे. काहींचे देह थेट समुद्रकिनाऱ्याला लागले. गाड्या शोधायला क्रेनला ३०० किलोचे लोहचुंबक बांधून पाण्यात सोडले होते.

जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने पूल पडलेला पाहिला. तो भर पावसात रस्त्यावर उभा राहिला आणि पुढची वाहने त्याने अडवली. संतांना नावाडी म्हणताना हल्ली मला तोच दिसतो.

त्या चातुर्मासात कीर्तनानंतर एका माउलीने विचारले, “बुवा, देवाने असं का केलं?” मी देवाची वकिली केली नाही. तिच्याबरोबर विठ्ठल विठ्ठल म्हटले, एवढेच.

नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला. ५ जून २०१७ ला, पुढच्या पावसाआधी, खुला झाला. बांधणाऱ्यांचे कौतुकच आहे. पण १६५ दिवसांत होणारे काम त्या ८८ वर्षांच्या म्हाताऱ्याच्या हयातीत का सुचले नाही, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेले नाही.