"बाई, नोबिता वाईट नाहीये!"



आज एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे.

चौथीच्या वर्गात गणिताच्या चाचणीचे पेपर वाटत होते. एका मुलाला वीसपैकी तीन गुण. पेपर हातात देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "अगदी नोबिता आहेस बघ!" सगळा वर्ग हसला. तो मात्र खाली मान घालून बसला. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली नि म्हणाली, "पण बाई, नोबिता वाईट नाहीये!"

तुमच्या घरात शाळकरी मूल असेल तर नोबिता कोण हे सांगायला नको. तरी थोडक्यात सांगते. 'डोरेमॉन' ही जपानी विनोदी कार्टून मालिका. फुजिको एफ. फुजिओ या टोपणनावाने चित्रकथा लिहिणाऱ्या लेखकाची ही कथा १९७० च्या जानेवारी अंकापासून मुलांच्या मासिकांतून येऊ लागली. गंमत म्हणजे ही मासिकं इयत्तेनुसार वेगळी होती आणि लेखक प्रत्येक वयाच्या मुलांना झेपेल अशी वेगळी गोष्ट लिहायचे. आपलं बहुवर्ग अध्यापनच म्हणा ना! पुढे १९७९ मध्ये सुरू झालेल्या टीव्ही मालिकेने डोरेमॉन घराघरांत गेला.

टोकियोत राहणारा नोबिता अभ्यासात कच्चा, खेळात कच्चा, वर रडका. परीक्षेत भोपळा ठरलेला. त्याच्या मदतीला बाविसाव्या शतकातून डोरेमॉन हे निळं यंत्रमांजर येतं. पोटावरच्या खिशातून ते एकेक गॅजेट काढतं आणि नोबिता त्याचा असा काही घोळ घालतो की मुलं हसून लोळतात. आमच्या मुलांना तो हिंदीतून भेटतो.

तर त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे "चला, गप्प बसा" म्हणणारच होते. पण का कोण जाणे, खडू खाली ठेवला. म्हटलं, "बरं, वाईट नाही म्हणतेस. कशावरून?"

आणि वर्ग जो सुटला!

एक जण म्हणाला, "तो आळशी आहे बाई. मेमरी ब्रेडवाला भाग आहे ना, त्यात तो अभ्यासच करत नाही." हा ब्रेड पुस्तकाच्या पानावर दाबायचा, म्हणजे अक्षरं त्यावर उमटतात. मग तो खाल्ला की पान पाठ. नोबिता परीक्षेच्या आधी पोट फुटेस्तोवर ब्रेड खातो. शेवटी पोट बिघडतं आणि पाठ झालेलं सगळं बाहेर!

"म्हणजे शॉर्टकट चालत नाही, हेच दाखवलंय," ती मुलगी म्हणाली.

"मग पुढच्या भागात तो परत तेच करतो ना! शिकतच नाही काही," पहिला म्हणाला. यावर तिला पटकन उत्तर सुचलं नाही. मलाही नाही.

मग मागच्या बाकावरून हळू आवाज आला. तीन गुणवाला बोलत होता.

"तो आजीवाला भाग... नोबिताला एक जुना टेडी सापडतो. आजीने शिवलेला असतो. आजी वारलेली असते. मग तो टाइम मशीनमधून तिला बघायला जातो. तो मोठा झालेला असतो, तरी आजी त्याला ओळखते. म्हणते, तुला दप्तर घेऊन शाळेत जाताना बघायचंय. मग तो दप्तर आणून दाखवतो." थोडा थांबून म्हणाला, "तो नापास होतो, पण त्याला आजीची आठवण येते."

वर्ग शांत झाला. या मुलाचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. तेवढे महिने तो आजीजवळ असतो. घरी टीव्ही नाही, शेजारी जाऊन बघतो. हे सगळं मला माहीत होतं, आणि त्यालाच मी वर्गासमोर नोबिता म्हटलं होतं.

संध्याकाळी घरी जाताना विचार करत होते. प्रसंगवर्णनाच्या पाच ओळी लिहा म्हटलं की हीच मुलं पेन्सिल चावत बसतात. आणि इथे वीस मिनिटांत त्यांनी गोष्टीचा सारांश सांगितला, कारण दिलं, पुरावा दिला, दुसऱ्याचं म्हणणं ऐकून खोडून काढलं. भाषेच्या तासाला आपण आणखी काय मागतो?

तेव्हापासून दर शनिवारी अर्धा तास आम्ही 'भागचर्चा' करतो. फळ्यावर तीनच प्रश्न असतात. कोणत्या भागात? काय घडलं? त्यावरून तुला काय वाटतं?

एकदा एक जण म्हणाला, "शेवटच्या भागात कळतं की नोबिता कोमात असतो आणि सगळं स्वप्न असतं." दोन मुली रडवेल्या झाल्या. मी विचारलं, "तू स्वतः पाहिलंस?" "नाही, दादा म्हणाला." मग मी सांगितलं, १९७४ मध्ये लेखकाने डोरेमॉनच्या निरोपाची गोष्ट लिहिली होती खरी, पण पुढच्याच महिन्यात त्याला परतही आणलं. १९९६ मध्ये लेखक वारले, तोवर कायमचा शेवट त्यांनी लिहिलाच नाही. कोमाचा शेवट ही चाहत्यांत पसरलेली अफवा. आता वर्गात कुणी काही ठोकून दिलं की मुलंच विचारतात, "पाहिलंस की ऐकलंस?" मोबाइलच्या काळात हा प्रश्न मला पाठ्यपुस्तकातल्या धड्याइतकाच मोलाचा वाटतो.

भाषेचं काय, असं तुम्ही विचाराल. मुलं "मम्मी त्याला डाटते" असं म्हणतात हे खरंय. मी बोलताना अडवत नाही. नंतर फळ्यावर 'रागावते, ओरडते, दटावते' लिहिते आणि विचारते, या भागात कोणता शब्द चपखल बसेल? त्यावरही वाद होतो. होऊ द्यावा.

पालकांना एवढंच सांगणं, टीव्हीची वेळ जरूर ठरवा. मीही कार्टून दिवसभर बघा असं म्हणत नाही. पण कधीतरी एक भाग मुलाशेजारी बसून बघा आणि वरचे तीन प्रश्न विचारा. "यातून काय शिकलास?" हा प्रश्न मात्र नको. तो विचारला की मूल परीक्षेतलं उत्तर देतं.

त्या मुलाचं पुढे काय झालं? पहिला नंबर वगैरे काही आला नाही. पुढच्या चाचणीत सात गुण मिळाले. पण 'माझी आजी' वर त्याने अकरा ओळी लिहिल्या, स्वतःच्या मनाने. वही परत देताना मी सगळ्या वर्गासमोर म्हटलं, "त्या दिवशी मी चुकले रे."

तो लाजला. म्हणाला, "असू द्या बाई. तुम्ही तो आजीवाला भाग बघितलाय का?"

नव्हता बघितला. त्या रविवारी बघितला.